कणगीची वीण

पाय तुमचाच आहे. पोटरीपर्यंत चिखलात रुतलेला, पाण्याने पांढरा पडलेला, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेला. साल 1938, आषाढ. कामशेतच्या पलीकडे नाणे मावळातल्या एका खाचरात तुम्ही वाकून आंबेमोहोराची रोपं लावताय. पाठीवर इरलं आहे, त्याच्या पळसाच्या पानांवर पाऊस सकाळपासून एका लयीत वाजतोय. रोपांची जुडी संपते, तुम्ही दुसरी आणायला बांधावर चढता आणि करवंदीचा काटा घोट्याखाली शिरतो. काढता, टाकता, पुन्हा चिखलात उतरता. पाऊस आहे तोवर आवणी उरकायची असते. काट्याकडे बघायला वेळ कुणाला?

तिसऱ्या रात्री हुडहुडी भरते. आई चिमणी जवळ धरते. "बघू दे रं पाय," म्हणते आणि बघितल्यावर काहीच बोलत नाही. पाऊल तकतकीत लाल, सुजून घट्ट. हळद लावून होते, कणकेचं पोटीस बांधून होतं, एरंडाचं पान शेकून बांधलं जातं. पाचव्या दिवशी घोट्यापासून एक लाल रेघ वर चढू लागते आणि जांघेत गाठ येते. बैलगाडीने कामशेत, तिथून रेल्वेने तळेगाव. डॉक्टर भले आहेत, हातही हलका आहे. त्यांच्या पेटीत आयोडीन आहे, बोरिक पावडर आहे, चीर द्यायला चाकू आहे. रक्तात उतरलेल्या जंतूपर्यंत पोहोचेल असं त्यांतलं काहीच नाही. सल्फाची औषधं 1935 पासून जगात आलीत, पण ती अजून मोठ्या शहरांतली आणि पैसेवाल्यांची. डॉक्टर चीर देतात, शेकायला सांगतात आणि तुमच्या वडिलांना बाहेर ओसरीवर घेऊन जातात.

घरी परत आणल्यावर तुम्ही पडवीत पडून समोरच्या कणगीकडे बघत राहता. तापात नजर एकाच जागी खिळते, तशी ती विणीवर खिळलीय. आषाढ आहे, कणगीतलं भात तळाला गेलंय. ती बुरुडाने दारात बसून विणली तेव्हा तुम्ही लहान होता आणि शेजारी उकिडवे बसून बघत होता. आधी उभ्या कामट्या, मग त्यांच्या आतून-बाहेरून फिरवलेल्या आडव्या पट्ट्या, शेवटी शेणमातीचं लिंपण. दिवाळीनंतर भात भरलं की दाणे चहूबाजूंनी बाहेर रेटतात आणि तो सगळा रेटा वीण सोसते. वीण एका जागी उसवली तर भात कुणी ओढून काढावं लागत नाही. ते आपण होऊन बाहेर येतं.

तुमच्या पायात या घटकेला अशा कोट्यवधी कणग्या आहेत.

त्यांचं नाव स्ट्रेप्टोकॉकस. माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक चिकटलेले गोल जंतू, एकेकाचा व्यास जेमतेम मिलिमीटरचा हजारावा भाग. आत क्षार, साखरा, प्रथिनं इतकी दाटीने भरलेली की बाहेरचं पाणी सारखं आत घुसू पाहतं. अशा जातीच्या जंतूंत आतला दाब हवेच्या दाबाच्या विसेक पट असू शकतो. एवढ्या दाबाने पातळ पापुद्रा केव्हाच फाटला असता. तो फाटत नाही, कारण त्याच्याभोवती कणगी आहे. दोन प्रकारच्या साखरा आलटून पालटून गुंफलेल्या लांब साखळ्या म्हणजे तिच्या कामट्या, आणि अमिनो आम्लांचे आखूड तुकडे म्हणजे त्या कामट्या एकमेकींना बांधणाऱ्या पट्ट्या. या जाळीला शास्त्रात पेप्टिडोग्लायकन म्हणतात. ही जाळी जंतूची. माणसाच्या एकाही पेशीला ती नाही.

आता जंतूला वाढायचंय. अनुकूल जागी तो तासाभराच्या आत दुप्पट होतो. भरलेली कणगी रिकामी न करता मोठी कशी करणार? जुनी वीण जागोजागी कापायची आणि त्याच क्षणी तिथे नवी कामटी घालून बांधून टाकायची. जंतूपाशी त्यासाठी दोन तऱ्हेचे विकर आहेत, एक कापणारे आणि एक बांधणारे. नव्या पट्टीच्या टोकाला डी-ॲलनिन नावाच्या अमिनो आम्लाचे दोन मणी असतात. बांधणारा विकर त्यांतला शेवटचा मणी तोडतो, उरलेलं टोक क्षणभर आपल्या हातात धरतो, शेजारच्या पट्टीला जोडतो आणि हात मोकळा करून पुढच्या गाठीकडे वळतो. कापणं आणि बांधणं बरोबरीने चालतं तोवर जंतू सुरक्षित. बांधणाऱ्याचा हात कुठेतरी अडकायला हवा, बस. कापणारा थांबणार नाही, आणि भात आपण होऊन बाहेर येईल.

हे करू शकणारी वस्तू 1938 साली जगात आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगने ती सप्टेंबर 1928 मध्ये काचेच्या बशीत, बुरशीच्या ठिपक्याभोवती पाहिली, तिला पेनिसिलिन नाव दिलं, त्यावर लिहिलंही. ती शुद्ध करणं त्याला जमलं नाही. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली हे तिघं ते जमवतील तेव्हा मे 1940 उजाडलेला असेल. त्या महिन्यात एके दिवशी आठ उंदरांना जंतू टोचले जातील, चौघांना औषध मिळेल, चौघांना नाही. औषधवाले चारच सकाळी जिवंत असतील. टोचलेले जंतू म्हणजे तुमच्या पायातलाच स्ट्रेप्टोकॉकस. पुढच्या फेब्रुवारीत तिथल्याच एका पोलीस शिपायाला ते पहिल्यांदा उपचार म्हणून दिलं जाईल, तो सुधारू लागेल, साठा संपेल, त्याच्या लघवीतून गाळून काढलेलं औषध पुन्हा त्यालाच टोचलं जाईल, तेही संपेल, आणि तो मार्च 1941 मध्ये जाईल. त्याच्या देशाकडे तेव्हा त्याच्यासाठी चमचाभर पेनिसिलिन नव्हतं. तुमच्याकडे पडवी आहे, आई आहे, आणि लाल रेघ मांडीच्या वर गेली आहे. इथे आता थांबू नका.

अठरा वर्षं पुढे या. 1956, जून संपत आलेला. तुम्ही कामशेतच्या फलाटावर विजेच्या गाडीची वाट बघत उभे आहात. या मार्गावर वीज येऊनही आता पाव शतक झालं. मळवलीकडून, भाजे-लोहगडाच्या अंगाने गाडी येते आणि वडगाव, तळेगाव, देहूरोड करत पिंपरीला पोहोचते. पिंपरी अजून पवनेकाठचं गावच आहे, शेजारी फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची वसाहत आहे आणि माळावर भलं मोठं नवं बांधकाम उठलंय. फाटकावर नाव आहे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. लोक पहिल्यापासून 'एच. ए.' म्हणतात, आजही म्हणतात. तुम्ही तिथे कामाला लागून काही महिने झालेत.

हा कारखाना कसा उभा राहिला ते मला नेहमी सांगावंसं वाटतं. स्वातंत्र्यानंतर पेनिसिलिन बाहेरून यायचं आणि ज्याला परवडेल त्यालाच मिळायचं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेलेले साहिबसिंग सोखी यांच्यासारखी माणसं आग्रह धरून होती की आपली औषधं आपण मुळापासून बनवली पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रज्ञ दिले, युनिसेफने यंत्रसामग्री दिली, भारत सरकारने 1954 मध्ये कंपनी काढली आणि 1955 मध्ये पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. सार्वजनिक क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. ऑक्सफर्डच्या त्या शिपायाला मरून तेव्हा पंधरा वर्षंही झालेली नव्हती.

आत या. आधी आवाज येतो, मोठ्या कॉम्प्रेसरांचा. मजल्यांएवढ्या उंच बंद टाक्या ओळीने उभ्या आहेत. आत पेनिसिलियम क्रायसोजीनम ही बुरशी वाढते. तिचं मूळ 1943 मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया गावी सापडलेल्या एका सडक्या खरबुजावरचं. फ्लेमिंगची बुरशी एका मिलिलिटरमागे दोन-चार युनिटं द्यायची. या खरबुजाच्या वाणावर क्ष-किरण आणि अतिनील किरण टाकून, निवडून निवडून, शेवटी अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनला तो आकडा हजाराच्या आसपास नेला गेला. तिला खायला दुधातली साखर आणि स्टार्चच्या कारखान्यातलं मका भिजवलेलं पाणी. तिला हवा लागते, सतत आणि भरपूर, पण ती हवा पूर्ण निर्जंतुक हवी. तुमच्या पाळीचा मुकादम पहिल्या दिवशी हेच सांगतो. एखादा परका जंतू आत गेला आणि त्याच्यापाशी पेनिसिलिन फोडणारा विकर असला, तर अख्ख्या टाकीतलं औषध पाण्यात जातं. असा विकर असतो हे ऑक्सफर्डच्याच चेन आणि अब्राहम यांनी 1940 मध्ये लिहून ठेवलंय, शुद्ध औषध एकाही रुग्णाला टोचायच्या आधी.

चार-सहा दिवसांनी टाकी उतरवतात. फिरत्या ढोलावर बुरशी गाळून वेगळी होते आणि पिवळट पाणी पुढे जातं. इथून घाई असते. पेनिसिलिन द्रावकात ओढायचं तर पाण्यात आम्ल घालावं लागतं, पण आम्लातच ते झपाट्याने मरतं. म्हणून पाणी आधी थंडगार करायचं, मग आम्ल घालायचं आणि वेगाने गरगरणाऱ्या यंत्रात काही क्षणांत ते द्रावकात घ्यायचं. ॲमिल किंवा ब्यूटिल ॲसिटेट अशा द्रावकांना पिकल्या फळांचा वास असतो, तुमच्या कपड्यांना तो घरापर्यंत येतो आणि बायको म्हणते, "केळी आणलीत का?" मग कोळशाच्या भुकटीने रंग काढणं, स्फटिक करणं, वाळवणं. शेवटी टोपी-मुखपट्टी लावलेल्या माणसांसमोरून जाणाऱ्या छोट्या कुप्यांत पांढरी पूड. दहा लाख युनिटं म्हणजे फक्त 0.6 ग्रॅम, चिमूटभर. त्या चिमटीत काय आहे ते दाखवायला कुणीतरी तुम्हाला फळ्यावर आकृती काढून देतं: चार अणूंचा एक चौकोन, जबरदस्तीने वाकवलेला, ताण धरून बसलेला. हा चौकोन पेनिसिलिनच्या रेणूत आहे, हे 1945 मध्ये डोरोथी हॉजकिनने क्ष-किरणांनी दाखवून दिलं होतं.

जुलैत तुम्ही आवणीची रजा टाकता. मावळातला कारखान्यातला माणूस दिवाळीची रजा सोडील, आवणीची सोडणार नाही. आणि त्याच खाचरात, त्याच बांधावर, करवंदीचा काटा.

चौथ्या दिवशी ताप. लाल रेघ निघालीय. याही वेळी गाडीत बसवून तुम्हाला तळेगावला नेतात. डॉक्टर स्पिरिटच्या दिव्यावर काचेची सिरिंज उकळतात, कुपीत पाणी सोडतात, हातावर कातडीतच थेंबभर टोचून फोड उठतोय का ते बघतात. काही मोजक्या माणसांना हे औषध सोसत नाही आणि ज्यांना सोसत नाही त्यांच्या जिवावर बेतू शकतं. फोड उठत नाही. मग दंडात. कुपीवरच्या पट्टीवर पिंपरी लिहिलंय.

आता वेळ मंद करा आणि औषधाबरोबर आत जा.

रक्तातून ते सुजलेल्या पावलात उतरतं. जंतू वाढण्याच्या भरात आहेत. कापणारे कापताहेत, बांधणारे बांधताहेत. बांधणारा विकर पुढच्या पट्टीसाठी हात पसरतो. पेनिसिलिनचा तो वाकलेला चौकोन आणि त्याच्या बाजूचे अणू दोन डी-ॲलनिन मण्यांसारखेच दिसतात. हे साम्य टिपर आणि स्ट्रॉमिंजर 1965 मध्ये मांडतील. विकर फसतो, मण्यांच्या जागी चौकोन धरतो. ताण धरलेला चौकोन उघडतो आणि विकराच्या हाताला रासायनिक बंधाने चिकटून बसतो. खरी पट्टी असती तर पुढच्या क्षणी हात मोकळा झाला असता. हा होत नाही. एक विकर, मग दुसरा, मग दहावा. कापणारे मात्र कापत राहतात. जाळीला भोक पडतं, आतला दाब तिथे लोटतो, पापुद्रा फुग्यासारखा बाहेर येतो आणि फुटतो. जो जंतू वाढत नाही, नुसता पडून आहे, तो वाचतो. ज्याला वीण वाढवायचीच नाही त्याची वीण अडवून काय होणार?

आणि इथेच वेळेचा हिशेब येतो. पेनिसिलिन मूत्रपिंडं भराभर बाहेर टाकतात. रक्तातलं प्रमाण साधारण अर्ध्या तासात निम्म्यावर येतं. एकदाच भरमसाट देऊन भागत नाही, कारण किती चढलं यापेक्षा पुरेशा पातळीवर किती वेळ टिकलं हे इथे महत्त्वाचं. खाचराचं पाणी आठवा. रोपाला बोटभर पाणी रोज हवं असतं. एका दिवशी कमरेइतकं भरून पुढचे आठ दिवस कोरडं ठेवलं तर रोप जगत नाही. डॉक्टरांपाशी म्हणून प्रोकेन पेनिसिलिनही आहे, स्नायूत साठून हळूहळू पाझरणारं. रोज एक टोचणी, आणि ताप उतरला तरी यायचं म्हणजे यायचंच, असं ते दरडावून सांगतात. तिसऱ्या दिवशी रेघ फिकट होते. दहाव्या दिवशी तुम्ही बांधावर उभे राहून शेवटचं खाचर लावून होताना बघता. आई कणगीतलं भात कांडायला घेते.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या, एक-दोन ठिकाणी थांबा फक्त. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एच. ए.च्या प्रयोगशाळेत तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी एका मातीतल्या जीवातून बुरशीवरचं औषध काढतात. औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून हॅमायसिन नाव मिळतं आणि त्या जीवाला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. ते औषध कणगीवर काम करत नाही, बुरशीच्या पापुद्र्यावर करतं. पण जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात पिंपरी हे नाव कायमचं लिहिलं गेलं, म्हणून इथे थांबलो. दुसरीकडे जंतूही शिकत असतात. काहींच्या पातळ कणगीवर आणखी एक आवरण असतं, इरल्यासारखं, त्यातून साधं पेनिसिलिन आत शिरत नाही. मग त्या रेणूचा मूळ गाभा वेगळा काढून त्याला नवी शेपटी जोडतात आणि 1961 मध्ये अँपिसिलिन बाजारात येतं, पुढे अमॉक्सिसिलिन. तो गाभा विकराच्या साहाय्याने काढण्याची रीत पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने बसवली आणि पिंपरीला दिली. पाषाण ते पिंपरी, काही मैलांच्या आत. स्टॅफिलोकॉकस नावाच्या दुसऱ्या जंतूने चौकोन फोडणारा विकर पसरवला, मग त्याच्या काही वाणांनी वेगळ्याच घडणीचा बांधणारा विकर मिळवला. त्यांच्यावर व्हॅन्कोमायसिन चालतं. ते विकराच्या वाटेला जात नाही, दोन मण्यांवरच झाकण घालून बसतं. काही जंतूंनी शेवटचा मणीही बदलला.

मग 1991 नंतरची वर्षं. बाहेरून येणारं पेनिसिलिन इतकं स्वस्त झालं की देशातल्या टाक्या एकेक करून थंड पडल्या. एच. ए. 1997 मध्ये आजारी उद्योग ठरली. कुप्या आणि गोळ्या भरण्याचं काम राहिलं, पण बुरशी वाढवणाऱ्या त्या उंच टाक्या थांबल्या. पेनिसिलिन मुळापासून पुन्हा देशात बनावं म्हणून सरकारला 2020 मध्ये नवी प्रोत्साहन योजना आणावी लागली, आणि त्यातला मोठा कारखाना 2024 मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याजवळ सुरू झाला. पिंपरीकरांना एच. ए. आता मैदानासाठी माहीत आहे. 2016 चं साहित्य संमेलन तिथेच झालं; तुमच्यातले काही मांडवात बसलेही असतील. मी जेव्हा त्या भिंतीकडेने जातो तेव्हा मला फार तुटतं. हवा कशी निर्जंतुक ठेवायची, आम्ल किती थंड पाण्यात घालायचं, टाकी बिघडलीय हे वासावरून कसं ओळखायचं, हे हातांना येणारं ज्ञान होतं. ते पुस्तकात पूर्ण मावत नाही.

आज या. आषाढच आहे. पुण्याहून सुटलेल्या लोकलमधून तुम्ही कामशेतला उतरता. खाचरात आता इंद्रायणी आहे, वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेला वाण. इरल्याऐवजी प्लास्टिकचा कागद. पायाला चिखल्या तशाच.

आणि जंतूही तोच. हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. बाकी कितीतरी शिकले, पण 1938 मध्ये तुमचा जीव घेणारा तो स्ट्रेप्टोकॉकस पायोजीनस आजवर पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही. ऐंशी वर्षं तो तोच खोटा मणी धरतो आणि फुटतो. साधं, जुनं पेनिसिलिन त्याच्यावर आजही तितकंच चालतं. मिळालं तर.

शेजारच्या घरात बारा वर्षांची एक मुलगी आहे. चार वर्षांपूर्वी तिचा घसा आला होता, याच जंतूने. घसा आला तसा बराही झाला, सांधे दुखले, थांबले. मग धाप लागू लागली तेव्हा कळलं की संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप धरलीय. जंतूशी लढताना शरीराने आपल्याच झडपेवर घाव घातला होता. झडप पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, पण घशात जंतू पुन्हा येऊ दिला नाही तर ती आणखी बिघडणं बहुतेक वेळा टळतं. त्यासाठी दर 21 दिवसांनी बेंझाथीन पेनिसिलिन, बारा लाख युनिटं, कमरेत. कित्येक वर्षं. पिंपरीहून ते लाँगॅसिलीन नावाने यायचं. हे इंजेक्शन जगभर अधूनमधून दुकानांतून नाहीसं होतं. ते इतकं स्वस्त आहे की बनवणाऱ्याला त्यात फारसं काही सुटत नाही.

"सुई जाड असते, काका," ती तुम्हाला सांगते. "औषध चुन्यासारखं घट्ट. लवकर टोचलं नाही तर सुईतच अडकतं."

तिची आई तिसऱ्या दुकानातून ते मिळवून आणते. कुपी पदराच्या गाठीत बांधलेली असते. टोचून आल्यावर मुलगी लंगडत घरात जाते आणि भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी उभी राहते. पेन्सिलीने एकेक चौकोन मोजत ती पुढच्या पानावर जाते, एका तारखेभोवती गोल काढते आणि ओरडून सांगते, "आई, या वेळी नागपंचमीला आलं गं!"

"येऊ दे," आई चुलीपाशी बसून म्हणते. "झोका सकाळी खेळ. दुपारच्या गाडीने जाऊ."